गजराबाईच्या नावावरच्या गोळ्या

रनाळ्याच्या गजराबाईला उभ्या आयुष्यात कधी फिट आली नाही. सर्दी-पडसं सोडलं तर आजार असा तिला ठाऊकच नव्हता. बहात्तराव्या वर्षीही पऱ्हाटीच्या काड्यांचा भारा डोक्यावर घेऊन ती शेतातून घरी येई. तरीही नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात तिच्या नावाचा फिटच्या आजाराचा केसपेपर होता, नऊ वर्षांचा, घडीवर चिकटपट्ट्या लावलेला. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी ती तो पिशवीत घालून नेई, फिटवाल्यांच्या रांगेत उभी राही आणि साठ गोळ्या घेऊन येई. गोळ्या खायची तिची नात, काजल.

हे असं का, ते सांगायला हवं. काजल अकरा वर्षांची असताना एका दुपारी अंगणात तुरीच्या शेंगा सोलता सोलता आडवी झाली. घरात फक्त गजराबाई आणि सून. पोरीचे हातपाय ताठ, तोंडाला फेस, आणि डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत कोणी नाही. ते डोळे गजराबाई पुढे कधी विसरली नाही. काजलचा बाप ललित तिला थेट सुरतेला घेऊन गेला, कारण सुरतेत रनाळ्याचं कोणी भेटत नाही. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की गोळी बरीच वर्षं चालेल आणि एक दिवसही चुकायला नको.

आता दर महिन्याला सुरत कुठून आणायची? गोळी झोपेच्या गोळ्यांच्या जातीची, मेडिकलवाला डॉक्टरच्या ताज्या चिठ्ठीशिवाय हात लावू देत नसे. सरकारी दवाखान्यात ती मिळे, पण तिथली रीत अशी की सिस्टर दारात उभी राहून सगळ्या वऱ्हांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडे, "फिटवाल्या बाया इकडे या!" आणि मग एकेकीचं नाव, बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावासकट. त्या वऱ्हांड्यात अर्धा तालुका बसलेला असतो. पोरीचं नाव तिथे एकदा पुकारलं गेलं की उद्या तिला पाहायला कोण येणार, या विचाराने सून रात्रंदिवस रडत होती.

तेव्हा गजराबाईनेच तोडगा काढला. "मन्हा नाववर काढा," ती म्हणाली. "मी म्हातारी बाई. माले आते कोन दखाले येनार शे?"

आणि तिने गोष्ट रचली, तीही चांगली पक्की. गोठ्याच्या शिडीवरून पडले, डोक्याला मार लागला, तेव्हापासून फिट येते. म्हणजे रक्तातला आजार नाही, घराण्याला बट्टा नाही. तेव्हाच्या डॉक्टरांसमोर शंभर माणसं होती. त्यांनी सुरतेची चिठ्ठी पाहिली, नाव पाहिलं नाही, आणि लिहून दिलं. पुढे काजलला फिट आली की गजराबाई ती आपल्या नावावर सांगे: अमुक वारी आली, एवढा वेळ राहिली, जीभ उजवीकडे चावली. नाव आणि शिडी सोडली तर त्या केसपेपरवर एक अक्षर खोटं नाही, अशी ती स्वतःची समजूत घाली. समजूत घालायला माणसाला काय लागतं!

नऊ वर्षांचे एकशे आठ गुरुवार झाले. जपमाळेचे मणी पुरे झाले, पण पुण्य पदरी पडल्याचं काही दिसेना. गुडघे तेवढे गेले. सकाळची एसटी, वाटेवर वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारींवरून येणारा ठसका, केसपेपरची रांग, डॉक्टरची रांग, गोळ्यांच्या खिडकीची रांग. कधी खिडकीवर पोचल्यावर कळे की साठा संपला, सोमवारी या. सोमवारी गेलं तर खिडकीवरचा माणूस रजेवर. गजराबाई शिव्या घालत नसे. शिव्या घालायलाही अंगात जोर लागतो.

या रांगेत सहा वर्षांपूर्वी तिला एक मैत्रीण मिळाली होती, नंदुरबारचीच रशिदा. नवरा वाहिद गाद्या भरायचा. रशिदा पंचेचाळिशीची, आणि तिची फिट खरीखुरी. एकदा चुलीपाशी पडली तेव्हाचा भाजल्याचा डाग कोपरापासून मनगटापर्यंत. ती काही लपवत नसे. फिट येण्याआधी तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव येते, मग कानात मधमाश्या घोंगावतात, असं ती भाकरी खाता खाता सांगे आणि विचारे, "तुले बी तसंच व्हस का व मावशी?" गजराबाई मान हलवी. सहा वर्षं ती नुसती मान हलवत होती. त्या पोरीसमान बाईशी खोटं बोलल्याचं तिला फार लागे.

मग मागच्या महिन्यात नवे डॉक्टर आले. तरुण, आणि कामाला वाहिलेले. वाईट माणूस मुळीच नव्हे. त्यांनी केसपेपर पहिल्या पानापासून वाचला. नऊ वर्षांत कोणी वाचला नव्हता.

"आजी, तीन वर्षांत एकही फिट नाही तुम्हाला. फार छान. पण या वयात ही गोळी चांगली नाही. झोकांडी जाऊन पडाल, खुब्याचं हाड मोडून बसाल. आपण ती कमी करत करत बंद करू." आणि साठच्या जागी तीस लिहिल्या.

गजराबाईने केसपेपर पिशवीत घातला. गेल्या तीन वर्षांत काजलला फिट आली नाही ती गोळीमुळे, आणि फिट आली नाही म्हणून गोळी बंद! ती "बरं साहेब" म्हणून बाहेर आली. दुसरं काय म्हणणार होती?

त्या तीस तिने रोजच्यासारख्या दोन दोन दिल्या आणि त्या पंधरा दिवसांत वाटा शोधल्या. ललित सुरतेला जाऊन आला. त्या दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान होतं. शहाद्यापर्यंत सगळ्या मेडिकलवाल्यांनी चिठ्ठी मागितली. दुसऱ्या खाजगी डॉक्टरकडे न्यायचं तर पोरीलाच न्यावं लागणार, आणि नेमकी आत्ताच म्हसावदच्या स्थळाची बोलणी पक्की झालेली. शेवटी गजराबाई रशिदाच्या दारात गेली. रशिदाने एक शब्द न विचारता आपल्यातल्या चौदा गोळ्या कापून दिल्या. त्या गजराबाईने रोज एकच पुरवल्या. काजलला सांगितलं, डॉक्टरांनी कमी केल्यात. काजलने ती एकच गोळी पाण्याबरोबर गिळली आणि बॅग घेऊन कॉलेजला गेली.

आज गुरुवार. घरी डब्यात एक गोळी उरली होती, आणि रविवारी म्हसावदचे पाहुणे सुपारी फोडायला येणार होते.

एसटीत शेजारी भिकुबाई येऊन बसली. गावातलीच, दर गुरुवारी बीपीच्या गोळ्यांना येणारी. म्हसावदचं स्थळ तिनेच आणलेलं. मुलगा तिच्या बहिणीचा नातू. बाई मनाने वाईट नाही, पण तिच्या पोटात काही ठरत नसे.

"काय व गजरा, तोंड काब्र उतरेल शे? रविवारे सुपारी फुटनार शे, जराशी हास ना!" मग जवळ सरकून, "पोरगानी माय इचारी ऱ्हायनी व्हती, पोरले काही आजार-बिजार नही ना? मी सांगं, पोर सोनानी शे."

"हाव," गजराबाई म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

तिथेच, पथारींवरच्या लाल मिरच्यांकडे पाहता पाहता, तिने ठरवलं. डॉक्टरला फिट दिसत नाही म्हणून गोळी बंद आहे ना? मग आज त्याला फिट दाखवायची. फिट कशी असते ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक? आधी मान वळते, मग मुठी आवळतात, मग पाय. जन्मात कधी तमाशात उभी राहिली नव्हती. बहात्तराव्या वर्षी तेही नशिबात होतं.

अकराच्या सुमाराला, डॉक्टरांच्या दारापासून चार माणसं अलीकडे, गजराबाई पडली. पडताना गुडघा खरोखरीचा आपटला. तिने मान वळवली, मुठी आवळल्या, पाय झाडले, तोंडाने फेस काढायचा प्रयत्न केला. वऱ्हांड्यात एकच गलका. कोणी चप्पल काढली नाकाला लावायला, कोणी कांदा कांदा करू लागलं. भिकुबाई "अरे देवा, गजरा पडनी!" म्हणून छाती पिटत होती.

"चप्पल दूर करा!" हा रशिदाचा आवाज. "तोंडमा काही घालू नका. तिले कूसवर करा. हवा येऊ द्या!" आणि गजराबाईचं डोकं तिच्या मांडीवर आलं. तो भाजलेला हात कपाळावर फिरू लागला. "व्हई जाई मावशी, आते व्हई जाई. मी शे आठे."

गजराबाईला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ढोंग करणाऱ्या बाईला खऱ्या दुखण्याची बाई धीर देत होती.

डॉक्टर आले, उकिडवे बसले, नाडी पाहिली. मग त्यांनी बोटाने तिची पापणी उचलायला घेतली, आणि गजराबाईने डोळे आणखी घट्ट मिटले.

डॉक्टर उठून उभे राहिले. "आत घ्या यांना," एवढंच म्हणाले. रशिदा तिला धरून आत घेऊन गेली आणि तिथेच थांबली. दार लोटलं गेलं.

"उठून बसा आजी. फिटमध्ये माणसाचे डोळे उघडे राहतात."

तिला काय हे ठाऊक नव्हतं? त्या उघड्या डोळ्यांनी तर तिला नऊ वर्षं झोपू दिलं नव्हतं. पण एवढ्या परक्या पुरुषांत जमिनीवर लोळायचं, लुगडं वर सरकतंय, सगळे वाकून पाहताहेत. तिने लाजेने डोळे मिटून घेतले. ठरवलेलं सगळं आठवलं, तेवढं एक विसरली.

"तुम्हाला फिट येत नाही," डॉक्टर म्हणाले. "मग या गोळ्या जातात कुठे? नशेसाठी विकत घेणारे असतात या. विकता का तुम्ही?"

गजराबाईला कोणी असं तोंडावर चोर म्हटलं नव्हतं. एकशे आठ गुरुवार, गुडघे, एसटी, सगळ्याचा हा हिशेब? डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याचा तिला आणखी राग आला.

"मी काही इकत नही, साहेब. मन्ही नात शे. तिन्हासाठे लेस मी गोळ्या. नऊ साल झायात."

मग सगळं सांगून टाकलं. शिडी, सुरत, सिस्टरची हाक, म्हसावद, डब्यातली एक गोळी. रशिदा भिंतीला टेकून ऐकत होती. गजराबाईला तिच्याकडे बघवेना.

डॉक्टरांनी मध्ये एकदाच विचारलं, "वय किती तिचं?"

"ईस. लगीन ठरी ऱ्हायनं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजी, लग्नाच्या वयाच्या मुलीला ही गोळी देताना डॉक्टर दहा वेळा विचार करतो. दिवस राहिले आणि ही गोळी चालू असली तर बाळाला धोका असतो. वेळेवर दुसरी देऊन ही हळूहळू काढायची असते. हे तिला कोणी तरी चार वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं." त्यांनी जुना केसपेपर उलटून पाहिला. "पण केसपेपरवर सत्तरीची बाई. तिला कोण कशाला सांगेल?"

गजराबाई ऐकत राहिली. नऊ वर्षं पोरीला वाचवलं असं ती मानत होती. वाचवलंही होतं. पण नऊ वर्षांत एकाही डॉक्टरची नजर पोरीवर पडू दिली नव्हती, हेही तिनेच केलं होतं. ते आता तिला समजलं आणि समजल्यावर बसल्या जागी ती एवढीशी झाली.

"पाहिल्याशिवाय मला देता येणार नाही. तिला घेऊन या. आणि गोळी एकदम तुटली तर जिवावर बेतेल, तेव्हा उशीर नको."

काजल दहा मिनिटांवरच्या कॉलेजात बसलेली होती. नऊ वर्षांत गजराबाईने तिला या दवाखान्याच्या रस्त्यावरसुद्धा येऊ दिलं नव्हतं.

"फोन लाव तिले," रशिदा म्हणाली. "तिन्हा बदली तू इतला साल उभी ऱ्हायनी. आते तिले येऊ दे."

"तू माले खोटं पाडशी असं वाटनं व्हतं," फोन ठेवून गजराबाई म्हणाली.

"माले तव्हयच समजनं व्हतं, मावशी. पडाना आधी तू पिशवी बाकवर नीट ठेवी. फिट येस तव्हय कोनी पिशवी सांभाळस का?"

"तरी बी मन्हं डोकं मांडीवर लिधं तू?"

"मंग काय, इतल्या लोकेस्मा खाली पडू देऊ तुले?"

काजल वीस मिनिटांत आली. खांद्याला बॅग, ओढणी चेहऱ्यावरून काढून गळ्यात घेतलेली. नवा केसपेपर निघाला. आणि नऊ वर्षं जी हाक चुकवली ती शेवटी आलीच, सिस्टर दारात येऊन खणखणीत ओरडली, "फिटवाली, काजल ललित!" वऱ्हांड्यातली डोकी वळली. त्यांत भिकुबाईचंही होतं. काजल कोणाकडे न बघता सरळ आत आली.

"शेवटची फिट कधी आली?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन साल झायात, साहेब," गजराबाई सवयीने बोलून गेली.

"मंगळवारी," काजल म्हणाली.

डॉक्टरांनी पेन उचललं.

"मंगळवारी, कॉलेजच्या लेडीज रूममध्ये. या महिन्यात तीन झाल्या, गोळी एकच झाल्यापासून. आणि मागच्या वर्षी दोन." मग आजीकडे न बघता, खालच्या आवाजात, "तुले सांगं असतं ते तू जेवनी नसती, मोठी माय. अन् तुले ते बी डॉक्टरले तुन्हा नाववर सांगनं पडतं."

म्हणजे त्या केसपेपरवर एक अक्षर खोटं नाही, हेही खोटंच होतं. पोरीने आजीला जपलं, आजीने पोरीला जपलं, आणि गोळी तेवढी मधल्या मध्ये तुटली. गजराबाईने काजलचा हात धरायला हात पुढे केला, पण डॉक्टरांनी वही ओढली होती आणि काजल त्यांच्याकडे वळून बसली होती.

त्यांनी गोळ्या पुन्हा दोन केल्या, महिन्याच्या साठ लिहिल्या, पुढच्या गुरुवारी दुसरी सुरू करू म्हणाले. "आता मला हिच्याशी जरा बोलायचंय. आजी, तुम्ही बाहेर बसा."

गजराबाई बाहेर बाकावर येऊन बसली. जुना केसपेपर तिच्या मांडीवर, त्यावर आडवी रेघ मारलेली. पहिल्यांदाच तिला कोणी काही विचारत नव्हतं. गुडघा ठणकत होता. अर्धवट लोटलेल्या दाराआडून काजलचा आवाज येत होता, आधी तोंडात लोखंडासारखी चव येते, मग... गजराबाईने पोरीच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. तिने कधी विचारलंच नव्हतं; डोळे पाहिले होते, वेळ मोजली होती, चव विचारली नव्हती.

भिकुबाई लगबगीने समोर येऊन उभी राहिली. "काय व गजरा, बरी शे ना तू? अन् सिस्टरनी काजलनं नाव काब्र पुकारं? ती बी फिटवालीस्मा?"

उत्तर तयार होतं. नऊ वर्षांची सवय. जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं की पोर मला घ्यायला आली, सिस्टरने चुकून तिचं नाव घेतलं. भिकुबाईने ते मानलंही असतं, आणि रविवार निभावला असता. पण गजराबाई थकली होती. इतकी थकली होती की आता खोटं बोलायला लागणारं बळ तिच्याजवळ उरलं नव्हतं, आणि त्याचं तिला वाईटही वाटलं नाही.

"तिले फिट येतस, भिकू," ती म्हणाली. "माले कधीच येत नव्हत्यात. म्हसावदले फोन करना व्हई ते आते, आठूनच कर. काय इचारतीन ते मीच सांगसू."

आणि तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि भिकुबाईला बसायला बाकावर जागा करून दिली.